स्वराज कौर यांच्या घरात

स्वराज्य हा शब्द लहानपणी मी रोज ऐकला तो अण्णांच्या तोंडून. त्याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, ते मात्र कळलं एका पंजाबी बाईंच्या स्वयंपाकघरात, दुधाचं करपलेलं पातेलं घासताना. अण्णा म्हणजे माझे वडील. लष्करात सुभेदार, मूळचे कराडजवळच्या एका खेड्यातले. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो तेव्हा जेवणं झाली की ते आम्हा भावंडांना गडांच्या गोष्टी सांगत. त्यांच्या स्वराज्यात घोडे होते, दोर लावून चढायचे कडे होते, आणि शत्रू कायम बाहेरचा होता. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज इतका चढे की शेजारच्या क्वार्टरमधले बिहारी हवालदार चौकशी करायला येत. गोष्ट संपली की अण्णा उद्याचे हुकूम सोडत. आईनं काय शिजवायचं, धाकट्यानं केस कधी कापायचे, मी कुठल्या शाखेला जायचं. ते स्वराज्य आणि हे हुकूम एकाच माणसाच्या तोंडून येतात यात काही विसंगती आहे, असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नसे. आईलाही नाही. अण्णा प्रेमळ होते. ठरवायचं त्यांनी आणि करायचं आम्ही, एवढंच.

मग त्यांची बदली ईशान्येकडे झाली. तिकडे कुटुंब नेता येणार नव्हतं. आई आणि धाकटा कराडला परतले. माझा शहरात सेक्टर ३४ मध्ये बँकेच्या परीक्षांचा क्लास अर्ध्यावर आलेला, म्हणून मी मागे राहिले. अण्णांनी जाताना स्टेशनवर सांगितलं, "होळीपर्यंत बघ. नाहीतर कराडला यायचं. तिथंही क्लास आहेत." मी मान हलवली. मान हलवायची मला इतकी सवय होती की ती हलून गेल्यावर मला कळायचं.

राहायला जागा मिळाली सेक्टर ४४ मध्ये. घराच्या फाटकावर पाटी होती, स्वराज कौर. मी पिशव्या हातात धरून थबकलेच. आमच्याकडे हा शब्द माणसाला कुणी लावत नाही. व्यायामशाळेला लावतात, मित्रमंडळाला लावतात. पंजाबात या नावाच्या बायका आहेत, पुरुष आहेत, शेतात चालणारे ट्रॅक्टरसुद्धा आहेत, हे पुढे कळलं. स्वराज कौर म्हणजे आमच्या घरमालकीण बीजी. उंच, रुंद हाडाच्या, पांढरी चुन्नी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांचा मुलगा कॅनडात होता आणि वरच्या दोन खोल्या त्या मुलींना भाड्यानं देत. व्हरांड्यातल्या मंजावर, म्हणजे दोरीनं विणलेल्या खाटेवर बसून त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "गेट आठ बजे बंद. उसके बाद मैं बहरी हूँ."

आणि त्या खरंच बहिऱ्या व्हायच्या. आठच्या ठोक्याला कुलूप लागे, किल्ली त्यांच्या उशीखाली जाई. स्वयंपाकघर त्यांचं, गीझरची वेळ त्यांची, टीव्ही कधी लावायचा ते त्यांच्यावर. पण काय घर होतं ते! पहाटे रेडिओवर गुरबाणीचा पाठ सुरू व्हायचा, त्या धीम्या सुरांवर मी अर्धवट झोपेत तरंगत असायची. त्यात सेक्टर ४३च्या बसस्टँडवरून बसचे भोंगे मिसळायचे. थंडीत धुकं पडलं की दिसायचं काहीच नाही, नुसते भोंगे आणि कंडक्टरांचं "शिमला, शिमला, शिमला" ऐकू यायचं. मग तव्यावर मेथीचे पराठे, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, आणि बाजूला गाजर, कोबी, सलगमचं आंबटगोड लोणचं. बीजी ते उन्हात ठेवलेल्या काचेच्या बरणीतून लाकडी डावानं काढून वाढत. ते लोणचं मी आजही घालते. तसं होत नाही. आईनं कराडहून ज्वारीचं पीठ पाठवलं तेव्हा मी ओट्याच्या कोपऱ्यात बिचकत भाकरी थापायला घेतली. पंजाब्यांच्या घरात हे काय म्हणून बीजी हसतील असं मला वाटत होतं. त्या गुडघे धरत उठल्या, माझ्या हातांकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लै, ये तो मक्की दी रोटी वाला हाथ है." त्या दिवसापासून ओट्याचा तो कोपरा माझा झाला.

वरच्या खोल्यांत आम्ही तिघी होतो. मी, हिमाचलमधल्या मंडीची दीक्षा आणि वर्ध्याकडची तन्वी. दीक्षा माझ्याच क्लासला होती, पहाटे उठून मोठ्यानं पाठ करायची आणि कुठलीही गोष्ट बोलायच्या आधी चष्मा पुसायची. तन्वी मोहालीत एका आयटी कंपनीत नोकरी करत होती. बारीक चणीची, चालताना कायम घाईत. माझ्या मराठीला ती "सातारी तोफ" म्हणायची आणि मी तिच्या "काय करून राहिली"वर हसायची. पंजाबात दोन मराठी मुली एका छताखाली आल्या म्हणजे काय होतं ते परगावी राहिलेल्यांनाच कळेल. आम्ही मराठीत भांडायला मिळावं म्हणून भांडायचो.

तन्वीची शिफ्ट उशिरा सुटायची. कंपनीची गाडी तिला फाटकाशी सोडायची तोवर आठ कधीच उलटलेले असायचे. बीजींनी तिच्यापुरती सवलत दिली होती, पण ती सवलत रोज मागावी लागे. फाटकाबाहेर उभं राहून फोन करायचा, बीजी उठेपर्यंत थांबायचं, मग त्यांचं बोलणं ऐकत आत यायचं. जानेवारीत एकदा बीजींना गाढ झोप लागली आणि तन्वी धुक्यात बराच वेळ कुडकुडत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंजासमोर येऊन उभी राहिली. नाक लाल, आवाज बसलेला.

"बीजी, चाबी हमको दे दो," ती म्हणाली.

"घर मेरा है, पुत्तर."

"घर तुम्हारा है. पर हम तो तुम्हारे नहीं हैं ना."

मी आणि दीक्षा जिन्यात उभ्या होतो. दीक्षानं चष्मा काढला. आता तिघींना बोचकी बांधायला सांगणार, असं आम्हाला वाटलं. पण त्या दिवसांत बीजी स्वतःच कात्रीत सापडल्या होत्या. गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि कॅनडातून मुलाचा लकडा होता, मुलींना काढा, घर बंद करा, इकडे या. शेवटी त्यांनी तन्वीला मंजावर शेजारी बसवलं आणि आम्हालाही खाली बोलावलं.

त्यांनी त्या सकाळी आपल्या नावाची गोष्ट सांगितली. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांचे आईवडील सरहद्दीपलीकडचं गाव सोडून निघाले. विहीर, म्हशी, दोन मजली घर, सगळं मागे राहिलं. कॅम्पातल्या तंबूत बीजी जन्मल्या. बापानं मुलीचं नाव ठेवलं स्वराज. आजी रडून म्हणाली, ज्या स्वराजनं घर घेतलं त्याचं नाव पोरीला? "तो बाऊजी बोले," बीजी म्हणाल्या, "अब तक जो बिगड़ा, दूसरों ने बिगाड़ा. अब जो बिगड़ेगा, अपना बिगाड़ा होगा. गलती भी अपनी होगी, माँ." मग त्यांनी उशीखालून किल्ली काढली आणि तन्वीच्या हातात न देता तिघींच्या मध्ये मंजावर ठेवली. "मैं दो महीने उठ नहीं पाऊँगी. घर तुम चलाओ. गेट, रसोई, सब. मोहल्ले से एक भी शिकायत आई, तो बेटा ठीक कहता है, घर बंद."

मला अण्णांच्या गोष्टीतल्या गड जिंकण्याची आठवण झाली. अंगावर काटा आला. आठवड्याभरात तो उतरला.

कारण आम्ही पहिलं काय केलं, तर बीजींचे सगळे नियम रद्द केले. आणि मग कळलं की त्या घरात दूध आपोआप तापत नव्हतं, विरजण आपोआप लागत नव्हतं, सिलिंडर संपायच्या आधी दुसरा आपोआप येऊन उभा राहत नव्हता. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. प्रत्येकीला वाटे, मी एकच कप वापरलाय. रविवारी कढी अर्धी शिजलेली असताना गॅस गेला आणि ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बीजींना आम्ही ब्रेड आणि लोणचं दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. तेच जास्त लागलं. तन्वी उशिरा येऊन नूडल्स करायची, भांड्यांचा खणखणाट व्हायचा. त्याचा सूड म्हणून दीक्षा पहाटे आणखी मोठ्यानं पाठ करायची. एके दिवशी दोघींची जुंपली. "तुम्हारी आज़ादी मेरी नींद खा रही है!" दीक्षा ओरडली. "और तुम्हारा जनरल नॉलेज मेरी!" तन्वी म्हणाली. मी मध्ये पडायला गेले तर दोघी माझ्यावर उलटल्या, कारण ते करपलेलं पातेलं माझं होतं आणि तीन दिवस भिजत पडलं होतं.

ते पातेलं घासताना मी रडले. घासण्यामुळे नाही. आपल्याला राज्य मिळालं आणि आपण ते आठवड्याभरात बुडवलं, या विचारानं. व्हरांड्यातून बीजींचा आवाज आला, "पता लगा? ताला लगाना तो सबसे आसान काम था."

त्याच संध्याकाळी आम्ही मंजाभोवती जमिनीवर बसलो. दीक्षानं त्याला पंचायत म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बीजींना मत नव्हतं, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. उशिरा आल्यावर भांड्यांना हात लावायचा नाही, हा नियम तन्वीनं स्वतःच सुचवला. पहाटेचं पाठांतर मनातल्या मनात, हा दीक्षानं. फाटक कुलूपबंद राहील, प्रत्येकीकडे किल्ली असेल, आणि ठरल्याहून उशीर होणार असेल तर फोन करायचा, हा तिघींनी मिळून. गंमत म्हणजे आमचे नियम हळूहळू बीजींच्या नियमांपेक्षा जास्त झाले. पण बीजींचा नियम चुकवताना मजा वाटायची, आणि आपणच मांडलेला नियम मोडताना मान वर होत नसे. एवढ्या वर्षांत मी बँकेत किती परिपत्रकं पाहिली असतील. ज्यांनी ती पाळायची त्यांना कुणी विचारलेलं नसेल तर ती कशी पाळली जातात, तेही पाहिलं. दर वेळी मला तो मंजा आठवतो.

घर चालू लागलं. दूध वेळेवर तापायचं. बीजी वॉकर धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायला लागल्या. कॅनडाच्या फोनवर त्या सांगू लागल्या, "कुड़ियाँ संभाल रही हैं, तू अपना देख." आणि अशा वेळी तन्वीचे वडील येणार असल्याची बातमी आली.

शनिवारी तिला घरून फोन आला. बोलून झाल्यावर ती जिन्यातच बसली. "बाबा येऊन राहिले. उद्या सकाळी. मला न्यायला," ती म्हणाली. नात्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुली जिथे राहतात तिथे किल्ल्या मुलींच्याच हातात आहेत, मोठं माणूस खाटेवर पडून आहे. त्यात एक स्थळ आलं होतं. पुढच्या आठवड्यात पाहायला येणार होते. तन्वीचे वडील, ज्यांना आम्ही पुढे काका म्हणायला लागलो, ते जुने सर्वोदयी कार्यकर्ते. गावानं आपला कारभार आपण करावा, ग्रामसभेत प्रत्येकानं बोलावं, यासाठी त्यांनी उभं आयुष्य वेचलं होतं. तन्वी हे अभिमानानं सांगायची. त्या दिवशी तिनं सांगितलं नाही, आम्हाला आपलं आठवलं.

रविवारी सकाळी घाईघाईनं पंचायत बसली. दीक्षा चष्मा पुसून म्हणाली की सांगून टाकू, तन्वी कंपनीच्या कामासाठी दिल्लीला गेलीय. दोन दिवस ती दीक्षाच्या मावसबहिणीकडे राहील, काका परत जातील. "जो मंज़ूर करते हैं, हाथ उठाओ." तिनं हात वर केला. मीही केला, जोरात. मला अगदी कडा चढून गेल्यासारखं वाटत होतं. एका मैत्रिणीला आम्ही वाचवत होतो.

तन्वी भिंतीला टेकून बसली होती. तिनं आमच्या वर गेलेल्या हातांकडे पाहिलं. "झालं ठरवून?" ती मराठीत म्हणाली, म्हणजे मला म्हणाली. "तिकडे बाबांनी माझं ठरवलं. इकडे तुम्ही ठरवून राहिल्या. मला कोणी विचारलं का?"

माझा हात आपोआप खाली आला.

"मी लपणार नाही," ती म्हणाली. "जे बोलायचं ते मीच बोलीन. तुम्ही फक्त घरात राहा."

काका आले ते ४३च्या स्टँडवरून चालतच. शिडशिडीत, खादीचा कुडता, वर बिनबाह्यांचं जाकीट, गळ्यात मफलर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी संत्री काढली आणि बीजींच्या मंजावर ठेवली. खुर्ची नको म्हणाले, फरशीवर मांडी घातली. हिंदी त्यांना उत्तम येत होतं. "आपका शुभनाम?" त्यांनी विचारलं.

"स्वराज."

काका चमकले. मग इतकं निर्मळ हसले की मला त्यांचा राग धरून ठेवणं जड जायला लागलं. बीजींनी विचारलं, आपण काय करता, आणि त्यांनी गावाबद्दल सांगायला सुरुवात केली. दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायांनी आडव्या बाटलीला मतं कशी दिली, त्याआधी ग्रामसभेत हात वर करायलाही त्या कशा घाबरत होत्या, आठवीतली तन्वी घरोघरी निरोप घेऊन कशी फिरली. सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. बीजी मध्ये मध्ये "वाह जी" म्हणत होत्या. कुणाला वाटलं असतं, पाहुणे सहज भेटायला आलेत. मग चहाचा पेला खाली ठेवून काका मुलीकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "तन्वी, सामान भर. दुपारच्या बसनं निघू."

"मी नाही येणार, बाबा."

"काहून?"

"मला ते लग्न करायचं नाही. मला इथे राहायचं आहे."

बीजींना मराठी कळेना. मी त्यांच्या मागे बसून हळू आवाजात एकेक वाक्य सांगत होते. माझ्या तोंडून तन्वीचं "मैं नहीं आऊँगी" बाहेर पडलं. असं वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलेलं नव्हतं, दुसऱ्याचं म्हणूनसुद्धा.

"पोरी, मी तुझ्या भल्याचं बोलून राहिलो."

"माहीत आहे. बाबा, त्या सभेत शेवंताकाकूनं हात वर करता करता नवऱ्याकडे पाहिलं होतं. तुम्ही काय म्हटलं तिला?"

काका मफलर सारखा करू लागले.

"त्याच्याकडे पाहू नको, हात तुझा आहे. असंच म्हटलं ना? मी तिथेच बसली होती."

"ते दारूचं होतं. गावाचं होतं."

"हात तोच आहे, बाबा."

मी ते बीजींना सांगितलं. बीजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, तन्वी जिंकली. पण काका काही हरायला बसलेले नव्हते. आवाज न चढवता ते म्हणाले, "बरं. हात तुझा. मग मला एवढं सांग, हे जे तू इथे जगून राहिली ते स्वराज्य आहे का? तिकडे अमेरिकेत सकाळ झाली की तू इथे कामाला बसते. त्यांच्या सणाला तुला सुट्टी, आपल्या सणाला कामावर. जेवण मध्यरात्री. गाडी पाठवतील तेव्हा जायचं, सोडतील तेव्हा यायचं. बापाचं राज्य नको, मान्य. त्या कंपनीचं कसं चालते तुला? मन मानेल तसं वागणं म्हणजे स्वराज्य नाही, तन्वी. आणि दुसऱ्याच्या घड्याळावर नाचणं तर नाहीच नाही. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, आधी आपल्यावर आपलं राज्य पाहिजे."

मी हे बीजींना सांगायला लागले आणि मध्येच अडखळले, कारण ते खरं होतं. ज्याच्याशी आपण भांडायला बसलो त्यानं खरं बोलावं, यासारखी अडचण दुसरी नाही. दीक्षा जिन्यावर बसली होती, तिला शब्द कळले नव्हते तरी चेहरे कळत होते. शेवटी तन्वी म्हणाली, "हे तुमचं बरोबर आहे. याच्यावर मी विचार करीन. खरंच करीन. पण त्याचं उत्तर मी शोधीन, बाबा. घरी येऊन लग्न करणं हे त्याचं उत्तर नाही."

त्या रविवारी स्वयंपाकाची पाळी तन्वीची होती. ती उठून आत गेली आणि कढीला फोडणी दिली. वडील न्यायला आलेत, डोळ्यांत पाणी उभं आहे, आणि मुलगी मेथीदाणे मोजून टाकतेय, हे दृश्य मला अजून दिसतं. जेवताना काका फारसे बोलले नाहीत. जेवल्यावर त्यांनी आपलं ताट स्वतः घासलं, बीजींचंही घासलं. दीक्षा टॉवेल घेऊन उभी होती, तिला त्यांनी विचारलं की तुमच्या घरात नियम मोडला तर काय करता.

"जी, जिसने तोड़ा, वही सबके सामने बताती है."

"और सज़ा?"

"बताना ही सज़ा है, अंकलजी."

काकांनी नळ बंद केला. "हमारे गाँव में इतना भी नहीं हुआ," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही.

दुपारी ते एकटेच निघाले. तन्वी आणि मी त्यांना पोचवायला ४३ला गेलो. स्टँडवर नेहमीची घाई. शेंगदाणे विकणारे, गाठोड्यांवर बसलेल्या बायका, "दिल्ली, दिल्ली, दिल्ली" असं ओरडणारा कंडक्टर. काकांचा चेहरा सकाळपेक्षा म्हातारा दिसत होता. बसच्या दाराशी ते थांबले.

"गावात विचारतील. पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा ना," तन्वी म्हणाली, "मुलीला विचारलं होतं. ती नाही म्हणाली."

काकांनी ते वाक्य स्वतःशीच पुटपुटून पाहिलं. मुलीला विचारलं होतं. कंडक्टरनं दारावर थाप मारली, चढा म्हणून. काका चढले नाहीत. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. "पण मी विचारलं कुठे?" ते म्हणाले. "मी तर न्यायलाच आलो होतो. खोटं कसं सांगू?"

तन्वी एक पाऊल त्यांच्याजवळ सरकली.

"तन्वी," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज सभेतला नव्हता, तो बहुधा घरातलाही नव्हता, मी तरी तसा आवाज कुठल्या वडिलांचा ऐकला नव्हता. "येते का बाई घरी?"

"नाही, बाबा."

"बरं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि चढले. बस निघाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला नाही. तन्वी नळाशी जाऊन तोंड धुऊन आली आणि नंतर एका बाकावर बसून हमसाहमशी रडली. मी तिला रडू दिलं. काका पुढे बरेच महिने तिच्याशी मोजकंच बोलत होते. ते स्थळ मोडल्याबद्दल गावात त्यांना ऐकून घ्यावं लागलं. तन्वीनं पावसाळ्यात ती नोकरी सोडून दिवसाची, कमी पगाराची दुसरी धरली. कुणी सांगितलं म्हणून नाही, हे ती आजही ठासून सांगते. पुढे तिनं स्वतः शोधलेल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा काका चार दिवस आधी आले आणि बीजींच्या व्हरांड्यात झोपले. बीजी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या कॅनडाला कधीच गेल्या नाहीत. माझी मुलगी, जी मराठी कळत असून मला हिंदीत उत्तर देते, मला विचारते की तू इथे कशी राहिलीस, आपले सगळे लोक तर कराडला आहेत. तिला मी ही गोष्ट सांगते. शेवट मात्र आजवर सांगितला नव्हता, तो इथे लिहिते.

तन्वीचं रडणं आवरल्यावर तिनं चहा आणायला म्हणून स्टॉल गाठला. मी बाकावर एकटी राहिले. होळी जवळ आली होती. परीक्षेच्या निकालाची काही आशा नव्हती, आणि होळीपर्यंत नाही जमलं तर कराड, हा अण्णांचा हुकूम मला पाठ होता. दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे पोचवली होती. मी फोन काढला आणि अण्णांना लावला. त्यांच्या ठाण्यावर फोन क्वचित लागायचा. त्या दिवशी लागला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"काय गं, बरं हाय का समदं?" अण्णा म्हणाले.

"हो. अण्णा, मला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाही, सांगायचंय."

माझी मान हलत नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं.

"बोल," अण्णा म्हणाले.

आणि मी बोलले.